कोंबड्यांसाठी भिंत

गवंड्याच्या घरी चोवीस कोंबड्या होत्या, तोवर त्या कुणी मोजल्या नव्हत्या. थंडी सरता सरता रोग आला, अकरा दिवसांत सोळा कोंबड्यांनी माना टाकल्या, आणि मग नवरा-बायको दोघंही येता-जाता मोजायला लागली. सकाळी आठ. दुपारी आठ. संध्याकाळी खुराड्याचं दार लावताना पुन्हा आठ. मोजून त्या वाढणार नव्हत्या हे दोघांनाही कळत होतं, पण बोट आपोआप वर व्हायचं आणि एकेकीवर फिरायचं.

तीस वर्षं गवंड्याला कोंबडी म्हणजे अंगणात पायात येणारं काहीतरी, एवढंच ठाऊक होतं. उजाडता उजाडता थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून तो निघायचा, तो दिवेलागणीला परत. त्याने बांधलेल्या भिंतीवर लोक उगाच तळहात फिरवून बघत. मग आठ महिन्यांपूर्वी एका दुमजली घराच्या परांचीवरून त्याचा पाय सटकला. जीव वाचला, पाठ वाचली, उजवा खांदा मात्र कामातून गेला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. आणि छातीपर्यंतच भिंत बांधणाऱ्या गवंड्याला कामावर बोलावणार कोण?

तेव्हापासून घर कोंबड्यांवर चाललं होतं. नाक्यावरचा बेकरीवाला रोज सायकलवरून येऊन अंडी घेऊन जायचा. रोग येऊन गेल्यावर त्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि त्याचं तोंड पडलं.

"वहिनी, चार अंड्यांत मी केक करू की नुसता वास घालू?"

"आजच्या दिवस चालवून घ्या."

"आजचं चालवीन हो. पण मला रोज दहा-बारा तरी पाहिजेत. तुमची अंडी चांगली, म्हणून दोन महिने थांबतो. नाहीतर फार्मवाल्याची गाडी रोज दुकानावरूनच जाते."

बेकरीवाला मनाने वाईट नव्हता. पण दोन महिने म्हणजे दोनच महिने, हेही त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बेकरी सुटली तर चूल कशावर पेटवायची?

बायको स्वस्थ बसणारी नव्हती. पोस्टमनची बदली झाल्याचं तिच्या कानावर आलं. पोस्टमनच्या बायकोकडे दहा तांबूस कोंबड्या होत्या, सगळ्या वर्षाच्या आतल्या, ऐन अंड्यांवर आलेल्या. नव्या बिऱ्हाडात अंगण नव्हतं. बायको दोन पाट्या घेऊन चालत गेली आणि दहाही कोंबड्या घेऊन चालत आली, एक पाटी डोक्यावर आणि एक कमरेवर. घामाने तिची पाठ भिजली होती. गवंडी उठून पाटी उतरवायला गेला, तेव्हा ती त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाली, "असू दे, मी उतरवते."

हे 'असू दे' गवंड्याच्या डोक्यात जायचं. पूर्वी ह्या बाईच्या तोंडाला सगळी आळी टरकून असायची. गवंड्याने पायाची माती घरात आणली, चहात साखर जास्त टाकली, उशिरा आला, लवकर आला, सगळ्यावरून तिचा पट्टा सुरू व्हायचा. तो पडला त्या दिवसापासून पट्टा बंद. त्याच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तरी 'असू दे'. कपबशी फुटली तरी 'असू दे'. एखाद्या पाहुण्याला वागवावं तशी ती त्याला वागवायला लागली होती, आणि स्वतःच्या घरात पाहुणा होऊन राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही, असं गवंड्याला वाटायचं. पण हे बोलणार कुणाशी?

नव्या कोंबड्या तिने अंगणात आणल्याच नाहीत. मागच्या सरपणाच्या खोलीत ठेवल्या.

"एकदम सोडायच्या नाहीत. तीन आठवडे इथेच," ती म्हणाली. "ह्यांच्या अंगात काही असेल तर कळेल. आपल्या आठ जणींच्या अंगात काही उरलं असेल तर ह्यांना लागायला नको."

खाटेवर बसून गवंडी बघत राहिला. मागे जाताना ती चपला बदलायची. तिकडचं भांडं इकडे येत नव्हतं. आधी आठ जणींचं आवरायचं, मग दहा जणींकडे जायचं, आणि येताना कोपरापर्यंत हात धुवायचे. रोज एकेकीला उचलून डोळे बघायची, नाक बघायची, पंखाखाली फुंकर मारून उवा बघायची, छातीच्या हाडावर बोट फिरवून मांस चढतंय का बघायची. कुणी शिकवलं होतं हे तिला? तो घरात नसताना तीस वर्षं हा सगळा उद्योग चालला होता, आणि त्याला वाटत होतं की कोंबड्या आपोआप जगतात.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अंगणात मधे काहीतरी आडोसा पाहिजे. तीन आठवडे झाले की ह्या दहा जणी पलीकडच्या बाजूला सोडते. त्या जुन्या खिडक्यांच्या जाळ्या पडल्यात ना, त्याच उभ्या करते."

"जाळ्या कशाला? मी काय मेलोय?"

मागे साडेचारशे विटा पडून होत्या. कधीतरी एक खोली वाढवायची म्हणून आणलेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच गवंड्याने पिशवी काढली. थापीवर गंज चढला होता, तो विटेवर घासून काढला. दोरी ताणली. मातीचा गारा पायाने तुडवला. पहिली वीट ठेवली, थापीच्या दांड्याने तिच्यावर दोन टोले मारले, आणि तो आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला.

काम मुंगीच्या पावलाने चाललं. डाव्या हाताने वीट उचलायची, उजव्याने गारा पसरायचा. तासाभराने खांदा ठणकायला लागला की भिंतीला टेकून बसायचं. पूर्वी सकाळच्या चहाआधी उरकलं असतं, तेवढं काम दिवसभर पुरत होतं. पण थर सरळ होता. ओळंबा सोडला की दोरी भिंतीला अशी लागायची की मधून कागद जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी बायको पाणी घेऊन आली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"थोडं मोकळं ठेवलं तर? म्हणजे इकडचं तिकडे दिसेल."

"दिसायला कशाला पाहिजे? दिसू नये म्हणून तर भिंत."

ती काहीतरी बोलणार होती. त्याच्या कपाळावरचा घाम तिने पाहिला, गाऱ्याने भरलेले हात पाहिले.

"असू दे," ती म्हणाली आणि आत गेली.

सहाव्या दिवशी मुकादम आला. हा एके काळी गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलायचा. पहिल्या दिवशी ओळंब्याला भोवरा समजून फिरवत बसला होता. आता त्याच्या हाताखाली वीस माणसं होती आणि खिशाला दोन पेनं.

"मिस्त्री, तुम्ही कशाला त्रास घेता? कोंबड्यांचीच तर भिंत. दोन माणसं पाठवतो, अर्ध्या दिवसात उभी करतील."

"अर्ध्या दिवसात उभी केलेली भिंत अर्ध्या दिवसातच आडवी होते," गवंडी म्हणाला.

मुकादम मोठ्याने हसला आणि "वा, मिस्त्री, वा!" म्हणाला. चालायला शिकलेल्या मुलाला म्हणतात ना, तसं. तो गेल्यावर गवंड्याने त्याच्यासमोर लावलेल्या चार विटा उपटून पुन्हा लावल्या. त्या चांगल्याच बसल्या होत्या.

छातीपर्यंत भिंत आल्यावर त्याने बाकडं आणलं आणि त्यावर उभा राहिला, म्हणजे हात वर न्यायला नको. बायको दाराआड उभी राहून त्या बाकड्याकडे श्वास रोखून बघत होती, हे त्याला दिसत होतं आणि त्याने न दिसल्यासारखं केलं. बाराव्या दिवशी भिंत पुरी झाली. टोकाला कुंपणाशी काटकोन, मधे फळीचं दार. कुठे फट नाही, भेग नाही. सुईच्या अग्राएवढा उजेड पलीकडून येत नव्हता. गवंड्याने त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तीन आठवडे झाले. दहाही तांबूस कोंबड्या ठणठणीत होत्या. बायकोने त्या भिंतीपलीकडे सोडल्या. इकडच्या आठ जणींनी पलीकडून आवाज ऐकला आणि माना वर केल्या. त्यांची म्होरकी एक काळी, जाडजूड कोंबडी होती. शाळेच्या व्हरांड्यातून मोठ्या बाई फिरतात तशी ती अंगणात फिरायची, म्हणून बायकोने तिचं नाव हेडबाई ठेवलं होतं. हेडबाईने भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. भिंतीने तिला काही सांगितलं नाही.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी निरोप आला की लेकीच्या पोराला ताप आहे. बायको निघाली.

"परवा येते. दोन्हीकडे दाणे-पाणी तेवढं बघा. दाराचं मी आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला आला. तीन अंडी बघून सायकलची घंटी उगाच वाजवून गेला. नव्या दहा जणींनी जागा बदलल्याच्या धसक्याने अंडी घालणंच सोडलं होतं, आणि अंगणात रुळल्याशिवाय त्या घालणार नाहीत, असं बायको म्हणायची. गवंडी दुपारपर्यंत विचार करत बसला. महिना उलटला होता. भिंतीचं काम भिंतीने केलं होतं. रोगबीग कुणाला नव्हता. बायको दमून येईल, आणि बघते तर काय, अठरा जणी एका अंगणात! तिच्या जिवाचा तेवढाच भार हलका. त्याला स्वतःच्या कल्पनेचं कौतुक वाटलं. अंगणाच्या मधोमध त्याने दाण्यांचा एक मोठा ढीग घातला, सगळ्या एका जागी जेवतील म्हणून, आणि दार उघडलं.

आधी काहीच झालं नाही. तांबूस कोंबड्या एकेक करून बाहेर आल्या, दाणे बघून धावल्या. हेडबाईने मान वर केली. तिच्या मानेची पिसं ब्रशसारखी उभी राहिली, आणि पुढच्या क्षणी ती पहिल्या तांबड्या कोंबडीच्या पाठीवर होती. मग बाकीच्या सात. अंगणात धुरळा आणि पिसं, आणि असा आरडाओरडा की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. गवंडी पोतं फिरवत मधे घुसला. उजवा हात वर जाईना, डावा पुरेना. एकीला सोडवलं की दुसरी सापडायची. एका तांबडीच्या डोक्यावरची कातडी सोलून निघाली आणि रक्त दिसलं, तशा आठही जणी तिच्यावर तुटून पडल्या. त्याने तिच्यावर पोतं टाकलं आणि वर स्वतः आडवा झाला.

दुसरी एक पळत भिंतीच्या टोकाला गेली होती. तिथे काटकोन होता. इकडे भिंत, तिकडे कुंपण, आणि मागे तीन जणी. त्या कोपऱ्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. गवंडी पोचला तेव्हा तिचे पाय हलत होते, मग तेही थांबले.

उरलेल्या नऊ जणींना पलीकडे ढकलून त्याने दार लावलं आणि जमिनीवर बसला. खांद्यातून कळा येत होत्या. मेलेली कोंबडी अजून गरम होती. तिची मान किती बारीक आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

बायको येईपर्यंत त्याच्याकडे एक रात्र आणि अर्धा दिवस होता, आणि तेवढ्या वेळात त्याने एक मुंगूस तयार केलं. मुंगूस कुठून आलं, कुठून गेलं, त्याची शेपटी केवढी होती, सगळं त्याने बसवलं. आपण त्याच्यामागे काठी घेऊन कसे धावलो, तेही. मुंगूस इतकं झकास जमलं होतं की त्याला स्वतःलाच ते दिसायला लागलं. दुपारी बायको दारातून आत आली, पिशवी खाली ठेवली, आणि तिचं बोट मोजायला वर झालं.

"मी दार उघडलं," गवंडी म्हणाला.

तिने सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, जखमी कोंबडीला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. मिठाच्या कोमट पाण्याने डोकं पुसलं. कोंबडी एकदा थरथरली आणि गप्प राहिली. मग बायकोने जांभळं औषध काढलं आणि जखमेवर लावलं, जखमेच्या बाहेरही लावलं.

"लाल दिसायला नको," ती म्हणाली. "लाल दिसलं की सख्ख्या बहिणीसुद्धा टोचतात."

"मेली एक. माझ्यामुळे."

"असू दे."

तेव्हा मात्र गवंड्याचा तोल सुटला.

"काय असू दे? दुधाचं पातेलं आहे का ते? माझ्यामुळे एक जीव गेला, बेकरी जायची वेळ आली, आणि तू म्हणतेस असू दे! नेमकं चुकलं काय, ते तरी सांग."

ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ह्यांनी त्यांना कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "आठ दिवस नुसता आवाज. आणि मग एकदम दहा परक्या जणी अंगणात, आणि दाणे एकाच जागी. भांडणारच."

"म्हणजे भिंत चुकली."

"भिंत चांगली आहे."

"भिंत कशी आहे ते मला नको सांगूस, ते मला कळतं. कोंबड्यांचं सांग."

"आठ-दहा दिवस दिसायला पाहिजे होत्या एकमेकींना. दिसायच्या, पण लागायच्या नाहीत. म्हणून मी जाळ्या म्हणत होते."

"तू बोलली होतीस. तिसऱ्या दिवशी. एकदाच बोललीस."

"हो."

"पूर्वी एक गोष्ट दहादा बोलायचीस."

"आठ महिन्यांनी थापी धरली होतीत तुम्ही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "मी भिंतीला नाव ठेवलं असतं, तर पुन्हा जाऊन खाटेवर पडला असतात. मला त्या खाटेची भीती वाटते."

गवंड्याला राग आला होता आणि भरूनही आलं होतं, आणि यातलं आधी काय बाहेर येईल याचा त्याला भरवसा नव्हता.

"पडलो असतो," तो म्हणाला. "दोन दिवस तोंड फुगवून पडलो असतो. तिसऱ्या दिवशी उठलो असतो. मला इतकं सांभाळू नकोस गं. कोंबड्या सांभाळ. मी काही टोचून मरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाहेर आली तेव्हा भिंतीचा वरचा थर खाली आला होता. गवंडी छन्नीने गारा सोडवत होता आणि वीट वीट खाली रचत होता.

"अहो, हे काय?"

"दिसलं पाहिजे म्हणालीस ना? जाळीची भिंत बांधतो. विटांमधे जागा सोडून. किती सोडायची ते तू सांग."

ती खाली बसली. दोन विटा समोरासमोर ठेवून पाहिल्या.

"चोच जाईल, मान जाता कामा नये."

मग गवंड्याने आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीच्या मानेचं माप घेतलं. बायकोने हेडबाईला काखेत धरलं, त्याने मानेला दोरी लावली. हेडबाईने त्याच्या अंगठ्याचा लचका काढला. माप अडीच बोटं आलं, म्हणजे फट दोनच बोटं. त्याने दोन बोटं रुंदीची एक लाकडी पट्टी कापली, प्रत्येक दोन विटांमधे ती धरायची, गारा बसला की अलगद काढून घ्यायची. खालचे दोन थर भरीव ठेवले आणि त्यावर जाळी सुरू केली. भरीव भिंतीपेक्षा हे काम नाजूक होतं. वीट दोन टोकांवरच टेकते, जरा वाकडी बसली की वरची डुलते. पण त्याला घाई नव्हती. तो एकेक थर चढवत होता आणि बायको अधूनमधून येऊन भोकातून पलीकडे बघत होती.

"इथे गारा बाहेर आलाय, डोळ्याला लागेल त्यांच्या," ती म्हणाली. गवंड्याने गारा खरवडून काढला. ती गेल्यावर त्याने सगळ्या थरांवरून बोट फिरवून आणखी तीन जागा शोधून काढल्या.

टोकाचा काटकोन त्याने पाडला. तिथे विटा तासून गोल वळण घेतलं, म्हणजे पळणारी कोंबडी अडकणार नाही, वळून पुढे जाईल. तीस वर्षांत त्याने कोपरा गोल केला नव्हता. कोपरा किती पक्का, यावरच त्याने माणसं जोखली होती. गोल वळण पुरं झाल्यावर तो जरा लांब उभा राहून बघत राहिला, आणि ते त्याला आवडलं. मग त्याने दुसऱ्या टोकाला आणखी एक दार काढलं. एका दारात अडवलं तर दुसऱ्यातून निसटता यावं, म्हणून.

काम पुरं होईतो वरची मोकळी जागा बायकोने त्या जुन्या खिडक्यांच्या जाळ्यांनी अडवली होती, आणि विटा वर चढत होत्या तसतशा कोंबड्या जवळ येत होत्या. पहिले दोन दिवस हेडबाई विटांशीच भांडली. भोकातून तांबडं पीस दिसलं की चोच मारायची आणि चोच विटेवर आपटायची. बायकोने दाण्यांच्या परळ्या भिंतीच्या दोन्ही अंगांना लावल्या, अगदी लगटून.

"खाताना समोर दिसू दे. रोज दिसली आणि आपलं काही कमी झालं नाही, की हळूहळू राग जातो."

गवंडी आता खाटेवर बसत नव्हता. बाकडं घेऊन तो भिंतीशी बसायचा आणि बायकोला बघायचा. कुठली कोंबडी मागे राहते, कुठली खात नाही, कुठली कुणाला भिते, हे तिला दोन क्षणांत कळायचं. त्याला भिंतीतली वाकडी वीट लांबून दिसायची, तसंच हे. आपल्याच घरात एवढी मोठी कारागीर राहते आणि आपण तिला तीस वर्षं नुसती अंडीवाली समजलो, याची त्याला लाज वाटली. तसं तो एकदा बोलूनही गेला. ती म्हणाली, "काहीतरीच तुमचं," आणि उगाचच परळी धुवायला गेली.

भिंत पुरी झाल्याच्या दहाव्या दिवशी दुपारी उन्हाच्या वेळी अंगणात आवाज नव्हता. गवंडी बघायला गेला, तर इकडच्या चार जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पलीकडच्या पाच जणी त्याच जागी, पलीकडून टेकून. मधे फक्त विटा. जखमी तांबडीच्या डोक्यावर कोवळी पिसं यायला लागली होती. तिला आता टकली म्हणत. टकलीच्या समोर, दोन बोटांच्या फटीपलीकडे, हेडबाई डोळे मिटून बसली होती.

"उद्या," बायको म्हणाली.

बेकरीवाल्याचे दोन महिने संपायला चार दिवस उरले होते.

सकाळी तिने एक ढीग नाही, वीस ठिकाणी दाणे उधळले. पाल्याच्या जुड्या दोरीला टांगल्या, उडी मारल्याशिवाय मिळू नयेत अशा. पाण्याची भांडी चार. लपायला दोन पाट्या पालथ्या, खाली विटा लावून.

"टोचाटोची होणारच," तिने बजावलं. "लगेच मधे पडायचं नाही. कोण मोठी कोण धाकटी, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. रक्त दिसलं तरच मधे जायचं. उघडा."

दोन्ही दारं उघडली. नऊ तांबड्या जरा थबकल्या, मग पाल्याकडे धावल्या. हेडबाईने पिसं फुलवली, पहिलीला एक टोच मारली. ती वाकली आणि बाजूला झाली. दुसरीला टोचली, तीही वाकली. तिसरी दारातून निसटायला गेली, आणि दारातच पाण्याचं घमेलं होतं. गवंड्याने ते सोयीचं म्हणून तिथे ठेवलं होतं. तांबडी अडखळली, मागची तिच्यावर आपटली, तिच्या मागे हेडबाई.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" बायको ओरडली. "दारात घमेलं ठेवतं का कुणी? इतकी घरं बांधलीत, कुणाच्या उंबऱ्यात हौद बांधला होता का? एवढं समोर दिसत होतं, डोळे काय बेकरीवाल्याला दिलेत? उचला ते! बघत काय राहिलात!"

गवंडी धावला. दोन्ही हातांनी घमेलं उचललं, अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. वाट मोकळी झाली, तांबडी निसटली, गोल वळणावरून वळली आणि पाल्याखाली जाऊन उडी मारायला लागली. हेडबाई तिथवर आली, तिने वर पाहिलं, आणि तिनेही पाल्याला उडी मारली.

बायकोच्या तोंडाचा पट्टा अजून चालूच होता. घमेल्यावरून ती मागे सांडलेल्या दुधावर गेली, दुधावरून फुटलेल्या कपबशीवर. दहा महिन्यांचं साठलेलं होतं, ते सगळं निघालं. गवंडी ओल्या पायांनी घमेलं धरून उभा होता आणि ऐकत होता. त्याला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दिवसभरात रक्त कुठे दिसलं नाही. दुपारी पोस्टमनच्या सहा जणींनी अंडी घातली, घरच्या पाच जणींनी. बेकरीवाल्याने अकरा अंडी दोनदा मोजली आणि सायकलला लावली.

सूर्य कलला तशा कोंबड्या खुराड्यात शिरल्या. रोगानंतर बायकोने आतल्या बसायच्या काठ्या जाळून टाकल्या होत्या आणि आठ जणींपुरती एकच काठी बसवली होती. तिच्यावर तेरा जणी कशाबशा मावल्या. टकली आणि आणखी तिघी खाली घुटमळत राहिल्या.

"अजून एक काठी लागेल," बायको म्हणाली. "आत्ता. उद्या नाही."

गवंड्याने काठी आणली. एक टोक त्याने छातीपर्यंत धरलं, दुसरं तिने, आणि डाव्या हाताने त्याने खिळे ठोकले. ती दोन पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून बघितलं.

"तिरकी आहे."

"काय?"

"तिरकी. तुमच्याकडे उतरलीय."

"तू मला सांगतेस? मला? मी आयुष्यात एक वीट तिरकी लावली नाही!"

"विटेचं नाही बोलत मी. काठीचं बोलतेय. डोळ्यांना दिसतंय ना!"

"तुझे डोळे तिरके असतील."

"माझे डोळे तिरके? तीन आठवडे दहा-दहा कोंबड्यांच्या पंखाखालच्या उवा शोधणारे डोळे हे! आणा ती पाणसळ, आणाच!"

"आणतो! आणि सरळ निघाली तर?"

"निघू दे तर आधी!"

दोघांचे आवाज चढले. शेजारच्या खिडक्या पुन्हा उघडल्या, आणि घाबरण्यासारखं काही नाही हे बघून मिटल्या. गवंडी तरातरा जाऊन पाणसळ घेऊन आला. तोवर टकली उडून नव्या काठीवर बसली होती. तिच्याशेजारी दुसरी. जुन्या काठीवरच्या गर्दीला कंटाळून हेडबाईही खाली उतरली, वर पाहिलं, आणि टकलीला एक टोच मारून, तिला जरा सरकवून तिच्याच शेजारी टेकली. गवंड्याने पाणसळ काठीला लावली आणि बुडबुड्याकडे बघत राहिला. बायको कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

काठी तिरकी होती. पण तोवर सतराच्या सतरा जणी वर बसल्या होत्या, म्हणून ती तशीच राहिली.